वर्षभर कोठ्यात उभा राहिलेला बैल पटात कधी उतरवावा, आणि ‘नाही’ कोणी म्हणावं?

प्रश्न विचारणारे भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शंकरपट समितीचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या समितीचे, सचिव आहेत. त्यांच्या पटात मागच्या हंगामात एक बैल धावता धावता पुढच्या पायावर कोसळला. वर्षाहून जास्त काळ तो पटात उतरला नव्हता. म्हणून यंदा समितीनं ठराव केला, की सहा महिन्यांहून जास्त बसलेल्या बैलाची वेगळी तपासणी होईल. आता जोडीवाले म्हणतात, “डॉक्टरचा दाखला आमच्या खिशात हाय, तुम्ही कोण अडवणारे?” किती सुटी मोठी धरायची, दाखला असताना अडवता येतं का, आणि अवकाळी पावसानं पट पुढं गेला तर तपासणी पुन्हा करायची का, असं भाऊंनी विचारलंय.

मी पशुवैद्यक आहे. नोकरी वर्धा-अमरावतीच्या पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यांत गेली. निवृत्तीनंतरही पटाच्या दिवसांत जोड्या तपासायला जातो. तेव्हा जे पाहिलं आणि जे करतो तेच लिहितो.

भाऊ, तुमचा ठराव बरोबर आहे. अडतंय ते दाखल्यापाशी. पटाच्या दिवशीचा दाखला बैल आज कसा आहे एवढंच सांगतो. ताप नाही, लंगडत नाही, डोळा साफ आहे, अंगावर गोचीड नाही. गेल्या तीन महिन्यांत त्याला किती आणि कसं पळवलं, हे त्या कागदावर कुठंच नसतं. लांब सुटीवरून आलेल्या बैलाचा धोका तर तिथंच दडलेला असतो. जोडीवाला खोटं बोलत नाही, डॉक्टरनंही खोटं लिहिलेलं नसतं, आणि तरी बैल मोडतो.

बसलेला बैल दिसायला फार देखणा असतो. ढेप, चुनी, कुटार पोटभर, काम काही नाही. कातडी चमकते, जुपला की थांबत नाही. मालक म्हणतो, “पाहा ना डॉक्टरसाहेब, कसा फुरफुरून राह्यला.” फुरफुरणं खरंच असतं. सराव सुरू केला की दम काही आठवड्यांत परत येतो, मांसही लवकर भरतं. नळीमागच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडामागच्या, नसांना (कंडरांना) जास्त वेळ लागतो आणि हाड सगळ्यांच्या मागून येतं.

हे नीट समजून घ्या, कारण जोडीवाल्याला समजावताना हेच कामी येईल. हाड जिवंत असतं. ज्या भागावर भार पडतो तिथं शरीर भर घालतं, भार थांबला की ती भर हळूहळू काढून घेतं. बैल पुन्हा पळायला लागला की हाडात सूक्ष्म चिरा पडतात. शरीर आधी तो चिरलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथं नवं हाड भरतं, जसं भिंतीला नवा गिलावा करण्याआधी जुने पोपडे पाडावे लागतात. पोखरणं काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. त्यामुळे सराव सुरू झाल्यावर मध्ये एक काळ असा येतो, की बैलाला दम आलाय, वेग आलाय, आणि हाड मात्र कोठ्यात होता तेव्हापेक्षाही कच्चं आहे. मालकाला नेमकं याच वेळी वाटतं की बैल तयार झाला.

बैलांवर असा अभ्यास फारसा नाही, शर्यतीच्या घोड्यांवर मात्र भरपूर आहे. कॅलिफोर्नियात १९९०पासून शर्यतीच्या मैदानावर दगावलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन सक्तीनं होतं. त्यातून दिसलं, की ‘अचानक’ मोडलेल्या पायात बहुतेक वेळा आधीची बारीक चीर होतीच. दंडाच्या हाडाच्या बाबतीत तर दोन महिने किंवा जास्त विश्रांतीवरून परतलेल्या घोड्यांना धोका जास्त, आणि तोही परतल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात. अमेरिकेत २०२२पासून जे देशपातळीवरचे नियम लागू झाले त्यांत ३६५ दिवस न धावलेला घोडा आपोआप पशुवैद्यकांच्या यादीत, म्हणजे धावायला मनाई असलेल्या घोड्यांत, जातो. त्यांच्यासमोर वेगानं धावून दाखवल्याशिवाय तो यादीतून निघत नाही. कागदावर भागत नाही. बैल म्हणजे घोडा नव्हे. बैलाचा खूर दुभंगलेला, मानेवर जू, आणि पट म्हणजे काही सेकंदांचा खेळ. म्हणून मी त्यांचे आकडे उचलत नाही. पण हाड कसं भरतं ते दोघांत सारखंच आहे.

आपल्याकडं लांब सुटीचा धडा सगळ्या पटांनी एकदम घेतला. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ला अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा दुरुस्त कायदा ग्राह्य धरला. परवानगी आली ती हिवाळ्यात, ऐन पटांच्या दिवसांत. जुने बैल उतरत्या वयात होते, नव्यांनी धावपट्टी पाहिलेली नव्हती, आणि सगळ्यांना पहिल्याच पटात उतरायचं होतं. मग २०२२ला लम्पी आला, बाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या. त्या दोन हंगामांत लंगडे बैल जितके हाताखालून गेले तितके आधी कधी गेले नव्हते.

आता सुटी किती मोठी धरायची. इथं एकच आकडा सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय. सुटी कशानं झाली ते आधी विचारा. खरीपभर वखरणी-डवरणी करून, कापूस-तुरीची बंडी ओढून आलेला बैल आणि पोळ्यापुरता बाहेर काढून परत खुंट्याला बांधलेला बैल यांत मोठा फरक आहे. शेतकामानं हाड आणि खांदा टिकतो. वेगाची सवय मात्र टिकत नाही, कारण वखराची चाल आणि पटाची धाव यांत पायावर पडणारा भार फार वेगळा. पाय दुखला म्हणून बसवलेला बैल तिसऱ्याच गटात मोडतो. त्याची सुटी दोन महिन्यांची असली तरी मी ती मोठीच धरतो.

आजारानं बसलेल्या बैलाचं आणखी वेगळं. लम्पीत ज्याचे पाय सुजले होते त्याची सूज उतरली म्हणजे नसा पूर्ववत झाल्या असं नाही. लाळ्या-खुरकतातून उठलेला बैल तर फार जपून पाहावा लागतो. काही जनावरं त्या रोगानंतर कायमची धापकरी होतात. केस लांब, राठ आणि विस्कटलेले राहतात, थोड्या उन्हात कूस, म्हणजे बरगड्यांमागची बाजू, भात्यासारखी चालते, सावली आणि पाणी सोडत नाहीत. हिवाळ्याच्या सकाळी अशी खोड दिसतही नाही. माघातल्या दुपारी धावपट्टीवर दिसते. असा बैल शेतात सांभाळून चालेल, पटात नको. त्याला सराव देऊन फायदा नाही. गोचीड तापातून उठलेल्याची खालची पापणी ओढून पाहा. पांढुरकी असेल तर रक्त अजून भरलेलं नाही.

एवढं सांगून माझा हिशेब देतो. कायद्यात तो नाही, माझ्या कामातून ठरलेला आहे. दोन महिन्यांच्या आतली सुटी, पायाचं दुखणं नाही: नेहमीची तपासणी पुरे. दोन ते सहा महिने: निदान दीड महिना सरावाची नोंद हवी. सहा महिन्यांच्या वर, किंवा सुटी कितीही असो पण पाय किंवा मोठा आजार कारण असेल: पूर्ण तीन महिने चढता सराव, पटाच्या आठ-दहा दिवस आधी पशुवैद्यकासमोर चाचणी धाव, आणि पहिल्या पटात दिवसाला एकच धाव. तुमचा सहा महिन्यांचा ठराव ठेवा, फक्त त्याला ‘किंवा लंगडून बसलेला’ हे शब्द जोडा. तुमचा मागच्या वर्षीचा बैल कदाचित तिथंच सापडला असता.

सराव म्हणजे रोज पळवणं नव्हे, हे गावोगाव सांगावं लागतं. पहिला महिना रिकामी बंडी, मऊ वावरातली चाल. दुसऱ्या महिन्यात दुडकी. तिसऱ्यात छकडीला जुपून छोट्या वेगवान धावा, आणि दोन धावांच्या दिवसांत चार-पाच दिवसांचं अंतर. हाडाला भर घालायला थोड्याच जोरदार टापा लागतात, बाकी त्याला सावकाश भरायला वेळ लागतो. डांबरी रस्त्यावर पळवू नका. बरेच जण सोय म्हणून पहाटे रस्ता धरतात आणि सगळी मेहनत नळीच्या हाडावर काढतात.

नोंद खरी आहे का, हे कसं ओळखायचं? वही कोणीही एका रात्रीत भरतो. मी बैलाची मान पाहतो. जू बसतं तिथं तळहात ठेवा. नियमित जुपलेल्या बैलाची कातडी तिथं जाड, थोडी खडबडीत आणि केस झिजलेले असतात. बसलेल्याच्या मानेवर केस पुन्हा आलेले असतात, हाताला मऊ लागतात, आणि चार-आठ दिवसांत घाईनं जुपलं असेल तर तिथंच ओलसर, गरम फुगार सापडतो, खांदा आल्याची, म्हणजे जू घासून मान सुजल्याची, सुरुवात. मग खूर उचला. नाल कोरी करकरीत असेल आणि टोकाला घासच नसेल, तर तीन महिन्यांची वही कितीही सुंदर अक्षरात असो, तिच्यावर विश्वास ठेवू नका. नाल नुकतीच बदलली म्हणत असेल तर जुनी मागा, नालबंद गावातलाच असतो. त्यानंतर बैलाला कडक जमिनीवर दोन्ही बाजूंनी लहान वर्तुळात फिरवा. सरळ चालताना लपणारा पाय वळताना सापडतो.

आर्वीकडच्या एका पटाआधी असा एक गवळाऊ जातीचा बैल पाहिला. पांढराशुभ्र, चार दाती, हेटी-कुंडीच्या गवळाऊ पैदास फार्मवर जसा नमुना म्हणून दाखवावा तसा. सरळ चालीत दोष नव्हता. डावीकडं लहान वर्तुळात वळवला तेव्हा पुढचा डावा पाय जरा आखूड पडायचा, तोही दर वेळी नाही. नळीवरून अंगठा फिरवला तर एका जागी त्यानं कान मागं घेतले आणि पाय उचलला. मालक रागावला, “सकाळपासून साधा लंगडला नाही अन् तुम्ही काय काढून राह्यले?” मी त्याला एवढंच विचारलं की काल-परवा सुई दिली का. तो गप्प झाला. मग बरोबरचा पोरगा बोलला, दुखण्याची सुई काल दिली होती.

ही सुई तुमच्या नियमात यायलाच हवी. वेदना मारणाऱ्या औषधानं लंगडणं झाकतं, चीर झाकत नाही. उलट बैल त्या पायावर पूर्ण भार देतो. म्हणून नोंदणी अर्जात मागच्या दहा दिवसांत कोणती सुई, कशासाठी, कोणी दिली, हे लिहून घ्या. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक तर २००६पासून बंदच आहे, गिधाडांच्या मरणामुळं. २०२३ला किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही बंद झाली. तरी माणसांच्या दुकानातून आणून कोणी टोचत असेल तर त्याचा बैल तपासायचं कारणच उरत नाही, परत पाठवा.

आता मुख्य भांडण. दाखला असताना अडवता येतं का? येतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात राज्यानं २०१७ला केलेल्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आयोजकाच्या नावानं निघते, आणि नियम मोडून बैलाला त्रास दिला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा कायद्यात आहे. पशुवैद्यकाचा दाखला ही कायद्यानं मागितलेली किमान अट आहे. त्याहून कडक प्रवेशअट तुम्ही ठेवू शकता, फक्त ती आधी जाहीर असली पाहिजे. पत्रकावर बक्षिसांच्या रकमेखालीच छापा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात नको. वाचणाऱ्याचे डोळे बक्षिसावरच असतात, तिथंच त्याला अट दिसू द्या.

गावात नियम मोडतो तो माणसाच्या मानापमानापायी, हे माझं ठाम मत आहे. हलगी वाजतेय, ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून पाहुणे आलेत, जोडी हाकणारा धुरकरी फेटा बांधून उभा आहे, आणि तेव्हा माईकवरून ‘अमुक यांची जोडी बाद’ असं ऐकवलं, तर तो माणूस बैलासाठी नाही, नाकासाठी भांडणार. कोणीही भांडेल. म्हणून लांब सुटीच्या बैलाचा निर्णय पटाच्या दिवसावर ठेवूच नका. आठ-दहा दिवस आधी चाचणीचा एक दिवस ठरवा, माईक नाही, गर्दी नाही. नाही म्हणायचं तर तिथं बाजूला घेऊन म्हणा, कारण सांगा, पाय त्याच्या हातानं चाचपायला लावा. प्रवेश फी पूर्ण परत करा. पटाच्या दिवशी त्याला बोलावून नारळ-दुपट्टा द्या, जोडी सजवून मिरवणुकीत पुढं चालू द्या. ही वरवरची गोष्ट नाही. ज्याचा मान राहिला तो पुढच्या वर्षी तयार बैल आणतो, ज्याचा गेला तो दुसऱ्या तालुक्यातल्या ढिल्या पटात तोच बैल पळवतो.

निर्णय समितीतल्या कोणी घेऊ नये. भाऊ, तुमच्यावर सोयरेपण, सोसायटीची निवडणूक, वावराचा धुरा म्हणजे बांध, असं सगळं येऊन बसेल. एक पशुवैद्यक आणि दुसऱ्या तालुक्यातला एक जुना, स्वतःची जोडी नसलेला धुरकरी, असे दोघं नेमा. ‘यांचा निर्णय समिती फिरवणार नाही’ असा ठराव आधीच सह्यांनिशी करून ठेवा. मग भाऊबंद आले तर तुम्हाला प्रामाणिकपणे सांगता येतं, “माझ्या हातात नाही दादा.” आणि पहिल्याच वर्षी गावातल्या वजनदार माणसाची जोडी अडली, तर तिला सोडू नका. ती एक सुटली की बाकीच्यांना अडवायला तुमच्याकडं तोंड राहत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक समित्यांच्या नजरेतून सुटते. नियम जोडीला लावू नका, बैलाला लावा. पुष्कळदा एक बैल पूर्ण सरावातला असतो, आणि त्याचा जोडीदार विकला किंवा आजारी पडला म्हणून दुसरा कोठ्यातून काढून शेजारी जुपलेला असतो. जोडीच्या नावानं मागच्या महिन्याच्या पटाची वेळही नोंदलेली असते, म्हणून तपासणारा फसतो. धावताना तयार बैल वेग ठरवतो आणि जू दुसऱ्याला ओढत नेतं. तो दमला तरी हळू होऊ शकत नाही. मोडतो तो बहुतेक हाच. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक अर्जात लिहा, म्हणजे ऐनवेळी बैल बदलला तर कळेल. ‘बैल फिट आहे का’ असं तर विचारूच नका, सगळे हो म्हणतात. ‘शेवटचा कोणत्या पटात, कोणत्या महिन्यात पळाला’ असं विचारा, आणि ते चारचौघांत विचारा. शेजारी उभा असताना माणूस तारीख सहसा चुकवत नाही, आणि हल्ली प्रत्येक पटाचा व्हिडिओ कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतोच.

धाव झाल्यावरही काम उरतं. परतलेल्या बैलाला वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. कूस हलते ती पाहून त्याचे श्वास मोजा. तोवर त्यांचा वेग उतरणीला लागलेला हवा. तोंडाला फेस, मागचे पाय अडखळणं, पाण्याकडं न पाहणं, यातलं काही दिसलं तर त्या दिवशी दुसरी धाव नाही, मग पहिली कितीही चांगली झालेली असो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाला फोन करा. बारीक चिरेचं दुखणं अंग तापलेलं असताना कळत नाही, रात्रभर उभा राहिल्यावर पहिल्या पावलाला कळतं. त्या फोनची नोंद वहीत ठेवा, पुढच्या वर्षी तीच तुमची खरी माहिती असेल.

राहिला पावसाचा प्रश्न. पट आठवडाभर पुढं गेला आणि जोडी कोरड्या जागेत हलकी चालती राहिली, तर सरावाची नोंद तीच धरा, पायांची आणि तापाची तपासणी मात्र नव्यानं करा. दोन आठवड्यांहून जास्त लांबला आणि बैल चिखलामुळं खुंट्यालाच राहिले, तर लांब सुटीच्या बैलांची चाचणी धाव पुन्हा घ्या. तारीख ठरवताना धावपट्टी आधी पाहा. आपली काळी माती वरून वाळलेली दिसते आणि चार बोटं खाली ओलीच असते. तिच्यात खूर रुततो, वरचा भाग पुढं जातो आणि पाय पिळतो. पट्टीवर चार ठिकाणी पहार घालून पाहा. टोकाला ओली माती चिकटून आली तर जिल्हाधिकारी कार्यालयात आणखी पुढची तारीख मागा.